बहिणीचा शोध आणि भीतीचें मर्म

संकट प्रेक्षकांना दिसावें आणि पात्राला दिसूं नये, यांतून रहस्यपटांतील भीति उपजते. रॉबर्ट ब्लॉक यांच्या १९५९ सालच्या कादंबरीवरून आल्फ्रेड हिचकॉक यांनीं १९६० सालीं काढलेला ‘सायको’ हा बोलपट याचें उत्तम उदाहरण होय.

मॅरिअन क्रेन ही तरुणी बँकेंत भरावयास दिलेले ४०,००० डॉलर घेऊन फिनिक्स शहरांतून पळते; वाटेंत एका आडरस्त्यावरील मोटेलांत तिचा खून होतो. खाजगी गुप्तहेर आर्बोगास्ट पैशाच्या शोधार्थ येतो व मोटेलमागील घराच्या जिन्यावरच मारला जातो. मॅरिअनची बहीण लायला हिला मात्र पैशाचें कांहींच नसतें. तिला बहीण हवी असते.

मोटेलवाल्या नॉर्मन बेट्सची वृद्ध आईच खुनी, असें प्रेक्षक धरून चालतात. म्हणून लायला त्या घरांत शिरतांच त्यांचा जीव टांगणीला लागतो. परंतु तळघरांत तिला आढळतें तें आईचें वाळलेलें कलेवर! खुनी नॉर्मनच, मृत आई त्याच्या मनांत नांदत असते.

प्रेक्षक स्वतःला जाणते समजत होते. त्यांचाहि भ्रम बहिणीच्या मायेनें चालविलेल्या शोधामुळेंच फिटतो.