रस्त्याचा अर्ज पावसाळ्यात नव्हे, हिवाळ्यात करा

पावसाळा लागला की भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी यांसारख्या यंत्रमागाच्या शहरांत एकच ओरड सुरू होते : रस्त्यांची चाळण झाली. सुताची पोती आणणारा टेम्पो गल्लीच्या तोंडाशीच थांबतो. तेथून पुढे हमाल हातगाडीवर माल ओढतो आणि चाक खड्ड्यात रुतते म्हणून जादा मजुरी मागतो; त्यात त्याचा काही कसूर नाही. कोऱ्या कापडाचे तागे चिखलाने डागाळले की भाव पडतो आणि हा तोटा शेवटी चार-आठ माग चालविणाऱ्या कारागिराच्या माथी येतो. मग निवेदने दिली जातात, मोर्चा निघतो, महापालिका खड्ड्यांत खडी-मुरूम टाकते आणि पुढच्या वर्षी तीच गत.

आम्ही व्यापारी धंद्यात पै-पैचा हिशेब ठेवतो. रस्त्याचा पैसा कोठून येतो आणि कोणता रस्ता आधी हे केव्हा ठरते, याचा हिशेब मात्र ठेवीत नाही. तो ठेवला पाहिजे.

रस्ता कोणाचा?

पहिला प्रश्न हाच. महामार्ग केंद्राच्या यंत्रणेकडे, राज्य रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आणि शहरातील बाकीचे सार्वजनिक रस्ते महापालिकेकडे असतात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ प्रमाणे हे रस्ते सुस्थितीत ठेवणे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे, मेहरबानी नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाने तर ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये आणि जखमीला ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

परंतु आमच्या अनेक कारखाना-वस्त्या मंजूर आराखड्याविना वाढल्या. तेथील गल्ली पालिकेच्या दप्तरी सार्वजनिक रस्ता म्हणून नोंदलेलीच नसेल, तर तिच्यावर खर्च टाकताना अधिकारी हात आखडतात. अशा ठिकाणी दुरुस्तीआधी नोंदीची मागणी करावी लागते.

पैसा कोठून येतो?

पूर्वी शहरात माल शिरताना नाक्यावर जकात भरावी लागे. त्या नाक्यांचा जाच आम्ही विसरलो नाही. पण मालाबरोबर पैसाही त्याच शहराच्या तिजोरीत पडत असे. २०१० पासून टप्प्याटप्प्याने जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ रोजी ५० कोटींहून कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना त्यातून सूट मिळाली आणि १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला. तेव्हापासून राज्य सरकार महापालिकांना नुकसानभरपाई देते. ती २०१६-१७ हे वर्ष पायाभूत धरून, दरसाल ८ टक्के वाढीने ठरते. म्हणजे शहरात मालाची ये-जा किती वाढली याचा या रकमेशी संबंध राहिला नाही. वाहनकर राज्याकडे जातो, टोल महामार्गाकडे जातो. आमच्या गल्लीतून जाणारा ट्रक गल्लीसाठी काहीच ठेवून जात नाही.

उरते ती घरपट्टी. पालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नाचा हाच मोठा आधार. यातून व भरपाईतून आधी पगार, निवृत्तिवेतन, पाणीपुरवठा आणि दिव्यांचे वीजबिल भागते. उरलेल्या रकमेतून ठेकेदारांची मागील बिले दिली जातात. बिले थकली की चांगला ठेकेदार निविदाच भरत नाही. मोठ्या रस्त्यांना नगरोत्थानसारख्या राज्य योजनांतून निधी मिळतो, तर गल्लीबोळांना आमदार निधी किंवा अल्पसंख्याक-बहुल वस्त्यांसाठीच्या योजनेचा उपयोग होऊ शकतो. मात्र प्रस्ताव पाठविल्याशिवाय यातील काहीच मिळत नाही.

आधी कोणता रस्ता?

महापालिकेचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते. हिवाळ्यात खातेवार मागण्या गोळा होतात, आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात आणि सर्वसाधारण सभा ते मंजूर करते. लोकनियुक्त सभागृह नसेल तेव्हा हे सारे प्रशासकाच्या सहीने होते. २०२२ नंतर अनेक महापालिकांत वर्षानुवर्षे तसेच चालले. डांबराचे काम भर पावसात होत नाही. म्हणून जुलैच्या निवेदनाला उत्तर म्हणून फक्त मुरूम मिळतो. रस्ता किती खराब आहे एवढ्यावर त्याचा क्रम लागत नाही. वर्दळ, दवाखाना, शाळा, नगरसेवकाचा आग्रह आणि कागद वेळेवर पोहोचला की नाही, हे सारे त्यात येते. यांतील शेवटची गोष्ट पूर्णपणे आपल्या हातात आहे.

आपण काय करावे?

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असोसिएशनच्या लेटरहेडवर शहर अभियंत्याकडे अर्ज द्यावा व पोच घ्यावी. रस्त्याची लांबी-रुंदी, तेथील कारखाने-दुकानांची संख्या आणि छायाचित्रे जोडावीत. प्रत स्थायी समितीला व नगरसेवकाला द्यावी.

डांबराआधी गटार मागावे. पाणी साचले की डांबर टिकत नाही. तसेच पाइपलाइन व केबलची खोदाई आधी उरकून घ्यावी. आमच्याच बाजारपेठेत नव्या रस्त्यावर तीन महिन्यांत कुदळ पडलेली आम्ही पाहिली आहे.

काम झाल्यावर ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी किती, हे माहिती अधिकारात विचारावे. त्या मुदतीत रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. पालिकेने पुन्हा पैसे मोजायचे कारण नाही.

आणि स्वतःकडेही पाहावे. घरपट्टी थकवून रस्ता मागणाऱ्याच्या शब्दाला वजन राहत नाही. ॲक्सलवरील भार दुप्पट केला तर रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते, हे अमेरिकेतील १९५८-६० च्या रस्ता-चाचणीत दिसून आले. एका फेरीचे भाडे वाचविण्यासाठी टेम्पो ठासून भरणारे आपणच, सायझिंगचे पाणी रस्त्यावर सोडणारेही आपल्यातलेच. रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा असल्याची हदीसची शिकवण आपण मुलांना सांगतो. दुकानासमोरच्या रस्त्यालाही ती लागू आहे.

दिवाळीचा हंगाम उरकला की प्रत्येक बाजारपेठेच्या असोसिएशनने पहिल्याच बैठकीत हा विषय घ्यावा, दोन माणसे नेमावीत आणि अर्ज मार्चपर्यंत टेबलाटेबलावरून पुढे सरकतो की नाही यावर लक्ष ठेवावे. मोर्च्यापेक्षा हे काम कंटाळवाणे आहे, पण इन्शाअल्लाह रस्ता याच वाटेने होईल.