रूपचंदला पिरान्हा ठरवण्याआधी दात पाहा

लालसर पोटाचा, चपटा मासा कुणीतरी हातात धरलेला आणि खाली मजकूर : ‘नदीत पिरान्हा सापडला, पाण्यात उतरू नका!’ मोबाइलवर फिरणाऱ्या अशा व्हिडिओंतला मासा बहुतेक वेळा रूपचंद असतो. नांदेड-लातूरच्या मासळी बाजारात रोहू-कटल्याच्या शेजारी मांडलेला असतो, तोच.

गैरसमज : पोट लाल, म्हणजे पिरान्हा.

गफलत होण्याला कारण आहे. दोघेही दक्षिण अमेरिकेतले आणि एकाच कुळातले. रूपचंद म्हणजे ‘पाकू’, शास्त्रीय नाव पायारॅक्टस ब्रॅकीपोमस, मूळ ॲमेझॉन आणि ओरिनोको खोऱ्यांतला. लहान वयात तो लाल पोटाच्या पिरान्हासारखाच दिसतो आणि मोठा होताना हा लाल रंग फिका पडत जातो. त्यामुळे बोटुकली रंगावरून ओळखायला जाल, तर फसाल.

ओठ वर करून दात पाहा. पिरान्हाचे दात त्रिकोणी, पात्यासारखे धारदार, एकाच रांगेत, आणि खालचा जबडा पुढे आलेला. रूपचंदचे दात चौकोनी, सपाट, थेट माणसाच्या दाढांसारखे आणि वरच्या जबड्यात दोन रांगांत. पहिल्यांदा पाहणारा दचकतोच. पण हे दात मांस तोडायचे नव्हेत. ॲमेझॉनला पूर येतो तेव्हा पाणी जंगलात शिरतं आणि झाडांची फळं, टणक बिया पाण्यात पडतात. त्या फोडून खाण्यासाठी या दाढा आहेत.

आकारही सांगून जातो. लाल पोटाचा पिरान्हा साधारण फूटभर वाढतो. रूपचंद मोकळा वाढला तर 88 सेंटिमीटरपर्यंत जातो.

पिरान्हाचा दराराही जरा फुगवलेलाच. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी 1914 च्या ब्राझील प्रवासवर्णनात त्याचं भयंकर चित्र रंगवलं, पुढे सिनेमांनी त्यावर कळस चढवला. प्रत्यक्षात पिरान्हा मेलेले जीवही खातो आणि थव्याने राहतो, ते बरंचसं स्वतःच्या बचावासाठी.

गैरसमज : रूपचंद पूर्ण शाकाहारी.

नाही, तो मिश्राहारी आहे. पेंड-कोंड्यावर पोसतो, पण गोगलगायी, लहान मासे मिळाले तर तेही सोडत नाही. बिया फोडणारा जबडा बोट सोलवटू शकतो, म्हणून जिवंत मासा गळावरून सोडवताना हात जपावा. 2013 मध्ये डेन्मार्क-स्वीडनमधल्या सामुद्रधुनीत एक पाकू सापडला, तेव्हा कोपनहेगनच्या संग्रहालयातल्या तज्ज्ञाने पुरुषांना चड्डी घालूनच पोहायचा सल्ला दिला. तो विनोद होता. जगभरच्या वर्तमानपत्रांनी मात्र तो बातमी म्हणून छापला!

गैरसमज : हा गोड्या पाण्यातला पापलेट.

विक्रेत्याने दिलेलं हे कौतुकाचं नाव, नातं काहीच नाही. पापलेट समुद्रातला. समुद्रापासून इतक्या लांब मराठवाड्यात हॉटेलच्या ताटात तळून आला की फरक कळणं कठीण, पण अख्खा मासा समोर असेल तर दोन खुणा पुरतात. रूपचंदच्या पाठीवर शेपटीजवळ चरबीचा छोटासा पर असतो आणि पोटाखाली परांची एक जोडी. पापलेटला यांपैकी काहीच नसतं. रूपचंद खायला चांगला आहे, फक्त पापलेटचा भाव देऊ नका.

गैरसमज : माणूस खात नाही ना, मग नदीत सोडायला काय हरकत?

हरकत हीच, की तो इथला नाही. मोठा होणारा, मिळेल ते खाणारा पाहुणा आपल्या माशांच्या अन्नात वाटेकरी होतो. घरच्या काचेच्या टाकीतल्या सकर माशाचंही तेच. तोही दक्षिण अमेरिकेचाच, अंगावर हाडांचं चिलखत असलेला, वाढला की लोकांना नकोसा होणारा.

शेततळ्यात रूपचंद असेल तर पावसाळ्याआधी सांडव्याला बारीक जाळी लावा. आणि टाकीतला नकोसा मासा विष्णुपुरीच्या जलाशयात, मांजरा नदीत किंवा गावच्या नाल्यात सोडण्याऐवजी दुकानदाराला परत द्या.