मोबाइलवर ‘ओलावा ३० टक्के’. मग ठिबक सुरू करायचे की बंद?

विटा : टेंभू योजनेचे पाणी कराडजवळ कृष्णेतून उचलले जाते आणि पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवत खानापूर तालुक्यात येते. एवढी वीज जाळून आलेले पाणी बागेला किती वेळ द्यायचे, हे ठरवण्याची जुनी पद्धत म्हणजे माती मुठीत दाबणे. लाडू वळला तर थांबायचे, भुगा झाला तर मोटर सुरू. आता हेच काम सेन्सर करतो आणि आकडा थेट मोबाइलवर येतो. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या उसातील एआय प्रयोगानंतर तर या सेन्सरची चर्चा बरीच वाढली आहे.

पण हा सेन्सर पाणी मोजतच नाही. तो मोजतो वीज.

दोन जाती, दोन हिशेब

स्वस्त सेन्सरला दोन उघडे खिळे असतात. माती ओली असली की त्यांच्यामधून वीज सहज वाहते, कोरडी असली की अडते. अडचण अशी, की क्षारांमुळेही वीज सहज वाहते. ठिबकमधून विद्राव्य खत सोडले की माती तेवढीच ओली असूनही आकडा वर जातो. शिवाय खिळे गंजतात. कुंडीतल्या रोपासाठी ठीक. द्राक्षबागेचा निर्णय त्यावर सोडू नये.

दुसरा प्रकार कपॅसिटिव्ह. यात धातू मातीला लागत नाही. माती वीजभार किती साठवू देते, हे तो पाहतो. हवेसाठी हे माप १, कोरड्या मातीसाठी साधारण ३ ते ५ आणि पाण्यासाठी तब्बल ८०. त्यामुळे थोडे पाणी वाढले तरी फरक लगेच दिसतो. क्षारांचा परिणाम इथेही होतो, पण बराच कमी.

३० टक्के म्हणजे नेमके किती?

खरी गफलत इथे होते. भारी काळ्या जमिनीत घनफळाच्या हिशेबाने ४० टक्क्यांच्या आसपास वाफसा असतो आणि २०-२५ टक्क्यांवर पीक सुकू लागते. म्हणजे तिथे ३० हा आकडा पाणी द्यायची वेळ जवळ आल्याचे सांगतो. हलक्या मुरमाड जमिनीत मात्र ३० टक्के म्हणजे चिंब. मुळांना हवा मिळत नाही आणि जादा पाणी खतासह खाली निघून जाते. येरळाकाठची काळी आणि माळावरची मुरमाड जमीन एकाच शेतकऱ्याकडे असू शकते. तिथे एकच आकडा दोन्हीकडे लावणे धोक्याचे.

उपाय साधा आहे. भरपूर पाणी देऊन हलक्या जमिनीत एक दिवस, भारीत दोन-तीन दिवस थांबा. मूठ वाफसा सांगेल तेव्हा मोबाइलवरचा आकडा लिहून ठेवा. तोच तुमच्या रानाचा वाफसा.

कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेने तर आकड्यांऐवजी रंग दाखवणारे हातातले यंत्र बनवले. निळा म्हणजे भरपूर ओल, लाल म्हणजे लगेच पाणी द्या.

कुठे बसवायचा?

ड्रिपरच्या अगदी खाली नको; वीतभर बाजूला हवा. माती घट्ट दाबून बसवावी, कारण फटीतली हवा सेन्सरला कोरडी माती वाटते. काळी जमीन भेगाळली की हेच होते. शक्य असेल तर एक सेन्सर फूटभर आणि दुसरा दोन फूट खोल ठेवावा. ठिबक चालवल्यावर दर वेळी खालच्याचाही आकडा चढत असेल, तर मोटर गरजेपेक्षा जास्त वेळ चालते आहे.