पूल आधी, प्रवास नंतर

आपल्या सीमाभागात कालवा म्हणजे हिडकल धरणाचे शेताला जाणारे पाणी. इंग्लंडमध्ये कालव्यावर अरुंद, लांब नावेत राहून प्रवास करतात. बर्मिंगहॅमच्या माझ्या थोरल्या बंधूंनी बायपासनंतर आम्हा उभयतांना लँगोलेन कालव्याच्या सफरीचे निमंत्रण दिले. टेलफर्डचा १८०५ मधील, १२६ फूट उंचीवरून नाव नेणारा पूल त्यांना पाहायचा होता.

नकाशा पसरला. कालवा ४६ मैल. नाव वर-खाली करणारी २१ लॉक. मैल आणि लॉक यांच्या बेरजेस तिनाने भागले की तास मिळतात. येथे एका बाजूचे बावीस! शिवाय लॉकची जड दारे हातांनी ढकलायची. आठवड्याच्या रजेत, दादांच्या छातीला हे झेपणारे नव्हते. बालरोगतज्ज्ञ मात्रा उत्साहावर नव्हे, वजनावर ठरवतो.

वहिनींनीच उपाय सुचविला: दुसऱ्या टोकाला, पुलाशेजारच्या ट्रेव्हरहून निघावे. पूल पहिल्याच दिवशी. पुढे एल्समीरपर्यंत लॉक दोनच. लांब नाव वाटेल तेथे वळत नाही, म्हणून वळण्याची जागाही आधीच ठरविली.

वैद्यकबंधूंनो, आपल्या व्यवसायात ती जागा आपण कधी ठरवतो?