व्हॅलेटा : कोरड्या खडकावरचे बंदर

१. प्रस्तावना

भूमध्य समुद्रात सिसिलीच्या दक्षिणेला माल्टा हे छोटे बेटराष्ट्र आहे. व्हॅलेटा ही त्याची राजधानी. शहराचे क्षेत्रफळ एक चौरस किलोमीटरपेक्षाही कमी आहे. बरीच जुनी बंदरे व्यापार वाढेल तशी पसरत गेली. व्हॅलेटा मात्र आधी कागदावर आखले गेले आणि मग बांधले गेले. जागा होती एक उंचसखल, खडकाळ आणि जवळजवळ कोरडी डोंगरधार. अशी जागा का निवडली आणि तिच्या अडचणींतून शहराचा स्वभाव कसा घडला, हे या पाठात पाहू.

२. जागेची निवड

शिबेरास नावाची ही धार जिभेसारखी समुद्रात शिरलेली आहे. तिच्या एका बाजूला ग्रँड हार्बर हे खोल, सुरक्षित बंदर आणि दुसऱ्या बाजूला मार्सामशेट ही खाडी. त्यामुळे धार ज्याच्या हाती, त्याच्या तोफांखाली दोन्ही बंदरे.

१५३० पासून माल्टा सेंट जॉनच्या सरदारांच्या ताब्यात होते. त्यांचे ठाणे समोरच्या काठावर बिर्गू येथे होते. धारेच्या टोकाला फक्त सेंट एल्मो हा किल्ला होता. १५६५ मध्ये ऑटोमन सैन्याने वेढा घातला, तेव्हा हा किल्ला सुमारे महिनाभर लढून पडला. मग धारेवरून बिर्गूवर तोफांचा मारा सुरू झाला. सप्टेंबरमध्ये वेढा उठला, पण धडा स्पष्ट होता : ही धार मोकळी ठेवून चालणार नाही. सरदारांचा प्रमुख ला व्हालेट याने २८ मार्च १५६६ रोजी नव्या शहराची कोनशिला बसवली. शहराला नाव त्याचेच मिळाले.

३. आराखडा आणि त्यातील तडजोड

पोपने आपला अभियंता फ्रान्चेस्को लापारेल्ली याला माल्टात पाठवले. त्याने रस्ते काटकोनात छेदणारे, सरळ आखले. अशा रस्त्यांतून सैन्य पटकन हलवता येते आणि समुद्रावरचा वाराही आत खेळतो.

मूळ विचार धार तासून सपाट करण्याचा होता. परंतु ऑटोमन आरमार परत येईल ही भीती होती, आणि वेळ व पैसा दोन्ही अपुरे होते. काम अर्ध्यावर सोडावे लागले. सपाट जमिनीसाठी आखलेली चौकट उतारावर तशीच बसवली गेली, म्हणून कित्येक आडवे रस्ते म्हणजे लांबच लांब पायऱ्या आहेत. आज पर्यटक त्यांचे फोटो काढतात. मुळात ती अपुऱ्या कामाची खूण आहे.

लापारेल्लीनंतर माल्टाचाच जिरोलामो कासार याने काम पुढे नेले. सेंट जॉनचे मुख्य चर्च त्याच्याच आराखड्यानुसार उभे राहिले.

४. दगड आणि पाणी

बेटावरची चुनखडी मऊ, मधाच्या रंगाची आणि सहज कापता येणारी आहे. शहर याच दगडाचे आहे. मांडेराज्जो या भागात दगड काढता काढता तिथेच गलबतांसाठी आतली गोदी करायची, असा दुहेरी बेत होता. गोदी झाली नाही. त्या खड्ड्यात पुढे गरिबांची दाटीची वस्ती झाली आणि ती विसाव्या शतकापर्यंत टिकली.

माल्टात बारमाही नदी नाही आणि पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो. म्हणून घर बांधणाऱ्यावर काही अटी होत्या. प्रत्येक घराखाली पावसाच्या पाण्याचे टाके असावे, घर सांडपाण्याच्या गटाराला जोडलेले असावे, रस्त्यावर काही पुढे काढू नये. सोळाव्या शतकासाठी ही दूरदृष्टी होती. वेढ्यात अडकलेल्या शहराला पाणी बाहेरून मिळणार नाही, हा हिशेब त्यामागे होता.

वस्ती वाढल्यावर टाकी पुरेनात. तेव्हा १६१० ते १६१५ या काळात रबातजवळच्या झऱ्यांपासून सुमारे १६ किलोमीटरचा जलमार्ग बांधला गेला. पाणी केवळ उताराने वाहत येई. जमीन खोलगट होई तिथे कमानींवरून पाट नेला होता.

५. बंदराचे बदलते मालक

१७९८ मध्ये नेपोलियनने माल्टा घेतले. दोनच वर्षांत ते ब्रिटिशांकडे गेले. १८६९ मध्ये सुवेझ कालवा सुरू झाल्यावर मुंबई आणि इंग्लंड यांमधील जलमार्गावर हे कोळसा भरण्याचे महत्त्वाचे ठाणे झाले. १८७८ मध्ये रशियाशी युद्धाची शक्यता दिसताच ब्रिटिशांनी मुंबईहून हजारो हिंदी सैनिक माल्टात उतरवले होते.

दुसऱ्या महायुद्धात बंदरामुळेच शहरावर सतत बॉम्ब पडले. लोकांनी रेल्वेचा बंद पडलेला बोगदा आणि खडकात खोदलेल्या खोल्या यांत आसरा घेतला. ऑगस्ट १९४२ मध्ये मदतीला निघालेल्या १४ मालवाहू जहाजांपैकी फक्त ५ पोहोचली. माल्टा १९६४ मध्ये स्वतंत्र झाले.

६. आजचे शहर

१९८० पासून व्हॅलेटा जागतिक वारसा यादीत आहे. भाषेतही बंदराचा इतिहास दिसतो : माल्टी भाषा अरबी कुळातली, शब्द पुष्कळसे इटालियन आणि लिपी रोमन. मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला येथे वीस हजारांहून अधिक लोक राहत, आता सहा हजारांहूनही कमी. पर्यटक वाढले, घरांची हॉटेले झाली. जुनी टाकी दुर्लक्षित राहिली, आणि देशाच्या पिण्याच्या पाण्यातील निम्म्याहून अधिक भाग आता समुद्राचे पाणी गोडे करून मिळतो. त्यासाठी वीज लागते. ज्या शहराने घरापासून पाण्याचा विचार सुरू केला, त्याच्यापुढे तोच प्रश्न पुन्हा उभा आहे.

विचारासाठी प्रश्न

१) धार सपाट झाली असती तर शहराच्या पाणी व सांडपाणी व्यवस्थेत काय फरक पडला असता?
२) घरोघरी टाके आणि एकच मध्यवर्ती पुरवठा यांपैकी संकटकाळात कोणती व्यवस्था अधिक टिकाऊ? कारणे द्या.
३) रहिवासी निघून गेले आणि इमारती जपल्या, तर शहर जपले असे म्हणता येईल का?