कृष्णराजपुरम ते ‘पूर्व’

२ सप्टेंबर २०२५ रोजी बेंगळुरूच्या एका महापालिकेच्या पाच झाल्या आणि आमचे के. आर. पुरम ‘बेंगळुरू पूर्व’मध्ये गेले. कारभार सुधारला तर आनंदच आहे. पण इतक्या गावांना मिळून नुसते दिशेचे नाव द्यावे, हे मनाला लागले.

जुना काळ थोडक्यात सांगतो. कृष्णराजपुरम हे नाव वडियार घराण्यातल्या कृष्णराजांचे. म्हैसूरच्या महाराजांनी १८८२ साली युरेशियन व अँग्लो-इंडियन समाजाला दिलेल्या जमिनीवर व्हाइटफील्ड वसले. नाव त्या समाजाचे पुढारी व्हाइट यांचे. १९४८ साली टेलिफोनचा सरकारी कारखाना आला आणि त्याच्या वसाहतीचे दूरवाणीनगर झाले. तोवर नवे नाव नव्या वस्तीला मिळे, शेजारच्या गावाचे मात्र कायम राही.

मी इथे रुळलो २००० नंतरच्या दशकात. तेव्हा के. आर. पुरमची स्वतंत्र नगरपरिषद होती. हळ्ळी म्हणजे गाव, पाळ्य म्हणजे वाडी, केरे म्हणजे तळे, एवढे समजले की बसच्या पाट्या वाचता येत. दोड्डबाणसवाडी आणि चिक्कबाणसवाडी ऐकून आम्हा मराठी माणसांना बुद्रुक-खुर्द आठवत.  इथे पाणी, शेत, देऊळ नाहीतर एखादा गावप्रमुख नावात टिकून होता.

त्याच दशकात ही नावे पुसायला सुरुवात झाली. आम्ही घर घेतले तेव्हा बिल्डरच्या चकचकीत माहितीपत्रकात परदेशी नाव होते आणि ‘व्हाइटफील्डजवळ’ एवढाच पत्ता. गावाचे नाव सापडले ते खरेदीखतात, सर्व्हे नंबरशेजारी. ज्यांच्या शेतांवर आमच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या गावाचे नाव घ्यायलाही बिल्डर तयार नव्हता. याचा राग मला आजही आहे. २००७ साली सात नगरपरिषदा आणि ११० गावे महापालिकेत विलीन झाली. त्यात आमची नगरपरिषदही गेली.

२०२३ साली मेट्रो आली आणि तिने स्थानकांना बेन्निगानहळ्ळी, गरुडाचारपाळ्य, हूडी, कुंदलहळ्ळी ही नावे दिली. रोज हजारो नवखी माणसे आता ती उच्चारतात. मेट्रोला जमले ते नव्या महापालिकेलाही जमेल. तिने प्रभागांना जुन्या गावांची नावे द्यावीत, तळ्यांवर त्यांचे फलक लावावेत. आणि आपण रहिवाशांनी पत्ता लिहिताना संकुलाच्या नावाखाली गावाचे नाव न चुकता लिहावे.