सिरपूरचा प्रवासी आणि शीआनचा मनोरा

मुंबई-कोलकाता महामार्ग, म्हणजेच राष्ट्रीय महामार्ग ५३, गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनी तालुक्यात ज्या ठिकाणी गोंदियाहून नवेगावबांधकडे जाणाऱ्या रस्त्याला छेदतो, तेथे कोहमारा वसले आहे. याच महामार्गाने पूर्वेकडे देवरी, रायपूर आणि आरंग मागे टाकून पुढे थोडे आत वळले की महानदीकाठचे सिरपूर लागते. सातव्या शतकात ते दक्षिण कोसल, म्हणजे आजच्या छत्तीसगडचा मोठा भाग व्यापणाऱ्या राज्याची राजधानी होते. चीनमधील शीआन या प्राचीन नगरीची दोन-तीन दिवसांची सहल आखणाऱ्या वैदर्भीयाने आधी हे सिरपूर पाहावे, कारण दोन्ही ठिकाणे एकाच प्रवाशाच्या वाटेवर येतात.

तो प्रवासी म्हणजे बौद्ध भिक्षू ह्युएनत्संग. कलिंगातून तो सुमारे ६३९ मध्ये कोसलात आला. त्याने वर्णिलेली राजधानी पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम यांनी चांद्याकडे, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे शोधली होती, तर आज बहुतेक अभ्यासकांचा कल सिरपूरकडे आहे. कोसलातून तो दक्षिणेस आंध्राकडे वळला, त्यामुळे त्याची पावले कोहमाऱ्याला लागली असे म्हणण्यास आधार नाही. पण पुढे तो महाराष्ट्रात आला, पुलकेशी राजाबद्दल आणि मद्य पाजून रणात सोडल्या जाणाऱ्या हत्तींबद्दल त्याने लिहिले, आणि उपकाराला जागणारे पण अपमानाचा सूड घेतल्याशिवाय न राहणारे असे येथील लोकांचे वर्णन केले. डोंगरात कोरलेला, दारापुढे दगडी हत्ती असलेला जो विहार त्याने नोंदवला, तो अजिंठ्याचा मानला जातो.

६४५ मध्ये तो ६५७ ग्रंथ घेऊन चांगआनला परतला. चांगआन हे शीआनचे जुने नाव असून तांग घराण्याची ती राजधानी होती. आजचा पर्यटक तेथे बहुधा १९७४ मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडलेल्या मातीच्या सैनिकांसाठी जातो. ते शहराबाहेर लिंतोंग येथे असल्याने त्यांतच एक दिवस जातो, आणि तो सत्कारणी लागतो यात शंका नाही. चौदाव्या शतकात मिंग राजवटीने बांधलेला सुमारे १४ किलोमीटर घेराचा तटही सायकलने फिरता येतो.

परंतु उरलेल्या वेळातला मोठा वाटा दायान पॅगोड्याला, म्हणजे ‘रानहंसांच्या थोरल्या मनोऱ्याला’ द्यावा. पॅगोडा हे स्तूपाचे चिनी रूप, ज्यात मजल्यावर मजला चढवत मनोरा उभारला जातो. आणलेल्या पोथ्या सुरक्षित राहाव्यात म्हणून ह्युएनत्संगाच्या विनंतीवरून ६५२ मध्ये तो पाच मजली बांधला गेला, पुढे खचल्यावर आठव्या शतकाच्या प्रारंभी विटांत नव्याने उभा राहिला, आणि आज तो सात मजली, सुमारे ६४ मीटर उंच आहे. सिरपूरचे लक्ष्मण मंदिरही विटांचेच आणि सातव्या शतकातलेच असल्याने, ते पाहून आलेल्याला येथली वीट परकी वाटत नाही. मात्र सिरपूरची वीट कोरून तिच्यावर गवाक्षे आणि नक्षी काढली आहे, तर दायानच्या भिंती जवळजवळ सपाट ठेवल्या आहेत. दक्षिण दाराच्या दोन्ही बाजूंच्या कोनाड्यांत ६५३ मधले दोन शिलालेख आहेत. चु सुइलियांग या सुलेखनकाराने लिहिलेल्या या लेखांपैकी एक उजवीकडून डावीकडे व दुसरा डावीकडून उजवीकडे वाचायचा आहे, म्हणजे दार मध्ये धरून दोन्ही लेख एकमेकांच्या प्रतिबिंबासारखे उभे राहतात. घाईत वर चढणाऱ्यांच्या नजरेतून ते निसटतात, हे खेदाचे आहे.

६६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत ह्युएनत्संग भाषांतर करीत राहिला. बौद्ध तत्त्वविचाराचा ‘महाविभाषा’ हा प्रचंड भाष्यग्रंथ त्याने २०० भागांत चिनी भाषेत आणला. त्याचे मूळ संस्कृत काही तुटक अंश सोडता नष्ट झाले असून, तो ग्रंथ ज्याला संपूर्ण वाचायचा आहे, त्याला आजही ह्युएनत्संगाच्या चिनी भाषांतराकडेच जावे लागते.